अवघड गावं, सोपे आराखडे

महाराष्ट्रात एखादं गाव अवघड आहे की सोपं, हे ठरवायला तिथवर जायची गरज नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांसाठी ग्रामविकास विभागाने ७ एप्रिल २०२१ रोजी शासन निर्णय काढला, त्यात सात निकष दिले आहेत. गाव नक्षलग्रस्त आहे का, वर्षाला २,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस होतो का, हिंस्र जनावरांचा उपद्रव आहे का, वाहतुकीच्या सोयींची वानवा आहे का, मोबाइलला रेंज नाही का, भूभाग डोंगरी आहे का, आणि महामार्ग दहा किलोमीटरहून लांब आहे का. सातांतले तीन जुळले की गाव अवघड. दोनच जुळले तर सोपं. दारात बिबट्या येतो आणि आषाढात ओढा शाळेची पायरी मोजून जातो, एवढ्याने भागत नाही. फोन लागतोय ना, मग गुरुजींनी कुरकुर करू नये.

या वर्गवारीचा परिणाम मजेदार होतो. अवघड गावात ठरावीक वर्षं काढली की शिक्षकाला बदलीत हक्क मिळतो, त्यामुळे गाव अवघड राहावं यात काहींचा जीव अडकलेला असतो. टॉवर उभा राहिला की चावडीवर पेढे वाटले जातात आणि शाळेत चेहरे पडतात. तिथेच जन्मलेल्या माणसाने मात्र कितीही वर्षं काढली तरी त्याला बदली मागता येत नाही. तो आपला एक दिवस पिशवी उचलतो आणि मुंबईची गाडी धरतो.

सातांपैकी बहुतेक निकषांना एकट्याने पुरून उरेल असा एक मुलूख सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला आहे. कास पठार ओलांडून उतार उतरला की बामणोली लागतं आणि गाडी पाण्यापाशी थांबते. समोर पसरलेला शिवसागर जलाशय, म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा. उत्तरेला तापोळा, त्याला पर्यटन व्यवसायाने ‘मिनी काश्मीर’ ही पदवी परस्पर बहाल करून टाकली आहे. पाण्यापलीकडे कांदाटी खोरं, त्याच्या मागे सह्याद्रीची मुख्य धार आणि धारेच्या पलीकडे, कड्याखाली, रत्नागिरी जिल्ह्यातलं खेड. चकदेवच्या डोंगरावरून कोकणात उतरायचं तर लोखंडी शिड्या आहेत. गिर्यारोहक त्या शिड्यांसमोर फोटो काढतात. गावकरी त्यांच्याकडे रस्ता म्हणून पाहतो. इथे नक्षलवाद तेवढा नाही. बाकी बहुतेक सगळं शासनाच्या अपेक्षेप्रमाणे आहे.

इथली एसटी म्हणजे लाँच. गॅसची टाकी, रेशनचं पोतं, सिमेंटच्या दोन गोण्या, तालुक्याला दाखल्यासाठी निघालेले आजोबा, कुणाची तरी शेळी आणि कुणाचा तरी नव्वद दिवसांचा कोर्स संपवून परत येणारा मुलगा, हे सगळं एका बाकावर बसतं. रात्री कुणाचं पोट दुखू लागलं तर आधी आजारी माणसाला डोलीत घालून किनाऱ्यावर आणायचं, मग होडीवाल्याला उठवायचं, मग पलीकडे गाडी शोधायची. एवढं होईपर्यंत पोट थांबलं तर ठीक.

हे खोरं पहिल्यापासून असं तुटलेलं नव्हतं. ते तोडण्यासाठी शासनाला बराच मोठा आराखडा करावा लागला. १९५०च्या दशकात कोयना प्रकल्पाचं काम सुरू झालं आणि १९६४मध्ये १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं. मागे सुमारे पन्नास किलोमीटर लांब पाणी साठलं. नदीकाठची भाताची खाचरं, पायवाटा, बाजाराचे रस्ते, दोन गावांना जोडणारे उतार, सगळं त्याच्या पोटात गेलं. काल हाक मारली तर ऐकू जाणारं गाव आज समोर दिसतं, पण जायला लाँचचं वेळापत्रक पाहावं लागतं.

कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात आणि त्यात अतिशयोक्ती नाही. सगळे टप्पे मिळून सुमारे १,९६० मेगावॅटची क्षमता आहे. मुंबई-ठाण्याच्या कारखान्यांना जी वीज मिळाली तिच्यावर या राज्याचं औद्योगिक चित्र उभं आहे. १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाला खालून छिद्र पाडून पाणी घेतलं गेलं. ‘लेक टॅपिंग’चा आशियातला तो पहिला प्रयोग. अभियंत्यांनी त्याचा अभिमान बाळगावा, असंच ते काम आहे. फक्त या भाग्याचा प्रवास पाहण्यासारखा आहे. नदी जात होती पूर्वेच्या कृष्णेकडे. आराखड्याने तिला डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवलं, पोफळीच्या बाजूला खाली सोडलं, आणि वीज काढून झाल्यावर उरलेलं पाणी वाशिष्ठीतून समुद्राला दिलं. वीज तारांवरून मुंबईला गेली. खोऱ्यातली माणसंही मुंबईलाच गेली, पण त्यांना तारांची सोय नव्हती. ती माथाडी होऊन गेली. आज नवी मुंबईच्या बाजारात पोती उचलणाऱ्यांत जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांची माणसं शोधावी लागत नाहीत.

धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचाही विचार शासनाने केला, थोडा सावकाश केला इतकंच. धरण १९६४चं आणि महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६चा. मधल्या बारा वर्षांत माणसं सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड, रत्नागिरी अशी पांगली. कुणाला किती जमीन मिळाली आणि कुणाला मिळायची राहिली याची नोंद असलेली संकलन रजिस्टरं अद्ययावत करण्याची मागणी २०१८मध्ये, म्हणजे धरणाच्या चोपन्नाव्या वर्षी, कोयनानगरला बसलेल्या आंदोलकांना करावी लागत होती. एकेका अर्जात आता तिसरी पिढी नाव घालते. काही घरांमध्ये जमिनीऐवजी अर्जच वारसाहक्काने मिळतो.

धारेवर जे राहिले, त्यांच्यासाठी पुढे डोंगरी विकास आला. पाचव्या पंचवार्षिक योजनेत, १९७४-७५ सालापासून, केंद्राने पश्चिम घाट विकास कार्यक्रम सुरू केला. कल्पना चांगली होती: डोंगरातल्या माणसाला सपाटीच्या मापाने मोजू नका, त्याला वेगळा निधी द्या. पाच राज्यांतले १७१ तालुके त्यात आले, पैकी ६३ महाराष्ट्रातले. आता तालुका डोंगरी आहे हे ठरवायचं कसं? नियोजन आयोगाने समुद्रसपाटीपासून ६०० मीटर ही रेघ धरली.

रेघ दिसायला स्वच्छ आहे. पण डोंगर उंचीपेक्षा उताराने माणसाचा दम काढतो, ही गोष्ट दिल्लीतून दिसत नाही. बंगळूर शहर नऊशे मीटरच्या वर वसलं आहे आणि तिथे सायकलने फिरता येतं. कोकणात सह्याद्रीच्या थेट पायथ्याला असलेली वाडी शेदोनशे मीटरवर असते आणि तिथून शेजारच्या वाडीत जाताना गुडघे हातात येतात. उलट शिवसागराची पूर्ण संचय पातळी आहे सुमारे ६५९ मीटर. म्हणजे ६०० मीटरच्या हिशोबाने जलाशयाचं पाणीसुद्धा डोंगरी. त्याने अजून निधी मागितलेला नाही.

या वेगळ्या निधीमागे एक नाव महाराष्ट्राच्या ओळखीचं आहे. १९६९मध्ये राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचं सूत्र ठरलं ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाने ओळखलं जातं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत आयुष्य काढलेल्या या अर्थतज्ज्ञाच्या सूत्राने आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर या राज्यांची गरज इतरांपेक्षा वेगळी धरली. पुढे ईशान्येतली आणि हिमालयातली आणखी राज्यं त्या पंक्तीत बसली. सह्याद्रीला तिथे पाट मिळाला नाही, कारण सह्याद्री हे राज्य नाही. तो ज्या राज्यात आहे त्याला मुंबई जोडलेली आहे, आणि मुंबई जोडलेल्या माणसाला गरीब म्हणायला कुठलाच हिशोबनीस धजत नाही.

त्याचा प्रत्यय २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत आला. सपाटीवर ५०० लोकवस्ती असेल तर बारमाही रस्ता. डोंगरी राज्यांत, वाळवंटात आणि अनुसूचित क्षेत्रात २५० असली तरी चालेल. कांदाटी खोरं डोंगरी राज्यात नाही, वाळवंटात तर नाहीच, आणि अनुसूचित क्षेत्रातही नाही. त्यामुळे दिल्लीच्या हिशोबात ते सपाट. आता इथल्या गावाची रचना अशी की चार घरं सोंडेवर, सहा घरं ओढ्यापलीकडे, दहा घरं वरच्या मुऱ्यावर, आणि प्रत्येक घरातली कर्ती माणसं घणसोली-कोपरखैरणेला. गणपतीत किंवा यात्रेत मोजलं तर पाचशे भरतील. खानेसुमारी मात्र फेब्रुवारीत होते.

राज्य सरकारने आपल्या परीने वेगळी वाट काढली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून राज्याचा स्वतःचा डोंगरी विकास कार्यक्रम आहे, आणि त्यात तालुक्यांचे ‘पूर्ण गट’ आणि ‘उपगट’ असे दोन वर्ग आहेत. म्हणजे काही तालुके पूर्ण डोंगरी, काही थोडेफार डोंगरी. पैसा जिल्हा नियोजन समितीमार्फत येतो आणि कामं ठरलेली: अंतर्गत रस्ता, संरक्षक भिंत, समाजमंदिर, स्मशानशेड, साकव. यातला साकव हा खरा लोकांचा माणूस. ओढ्यावर आडव्या टाकलेल्या ओंडक्यांपासून ते काँक्रीटच्या स्लॅबपर्यंत त्याने प्रगती केली आहे आणि त्याच्यामुळे खरोखर मुलं शाळेत जातात, दूध डेअरीत पोहोचतं. बाकी कामांबद्दल असं ठामपणे म्हणता येणार नाही. ज्या वाडीत पावसाळ्यात आठ म्हातारी माणसं उरतात तिथेही समाजमंदिर उभं राहतं, कारण समाजमंदिराला जागा कमी लागते, ठेकेदाराला डोंगर चढावा लागतो तो एकदाच, आणि मार्च संपायच्या आत बिल निघतं.

मार्चचा उल्लेख आलाच आहे तर तेही सांगायला हवं. सह्याद्रीत कामाचा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंत. जूनला पाऊस लागला की ऑक्टोबरपर्यंत वाळूचा कणही वर जात नाही. शासनाचं वर्ष मात्र एप्रिलला सुरू होतं. उन्हाळ्यात, काम करायच्या दिवसांत, जुन्या वर्षाचं पुनर्नियोजन आणि नव्या वर्षाची प्रशासकीय मान्यता चालू असते. मान्यता येते तेव्हा धुकं उतरलेलं असतं. निविदा निघते गणपतीत. कार्यादेश मिळतो दिवाळीनंतर, आणि मग सगळा डोंगर फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम विकसित होतो. इंग्रजांनी हे आर्थिक वर्ष घालून दिलं, असं म्हणून हात झटकता येतात, पण ते स्वतः मार्च उलटला की महाबळेश्वरला जाऊन बसत.

केंद्राच्या पश्चिम घाट कार्यक्रमाचं पुढे काय झालं? १ जानेवारी २०१५ रोजी नियोजन आयोगाचाच नीती आयोग झाला, आणि त्या सुमाराला कार्यक्रमाचा निधीही आटला. डोंगर तेवढा जागेवर राहिला.

दरम्यान त्याच डोंगराला दुसऱ्या खात्याने पाहिलं. १९८५मध्ये कोयना अभयारण्य झालं. २०१०मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. १ जुलै २०१२ रोजी युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं. त्यात महाराष्ट्राची चार: कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. शेजारचं महाबळेश्वर-पाचगणी १७ जानेवारी २००१ पासूनच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र. या सगळ्याची गरज होती. हे जंगल राहिलं नाही तर कृष्णेचं आणि कोयनेचं पाणी राहणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. गंमत अशी की एकच गाव एका खात्याच्या नकाशात मागासलेलं आहे म्हणून विकसित करायचं असतं, दुसऱ्याच्या नकाशात मौल्यवान आहे म्हणून तसंच ठेवायचं असतं, आणि दोन्ही नकाशे एकाच मंत्रालयाच्या दोन मजल्यांवर असतात. लिफ्ट चालू असते.

वाडीला दीड किलोमीटरचा रस्ता हवा, असं समजू या. ग्रामसभेचा ठराव होतो. आमदारांचं पत्र जोडलं जातं. बांधकाम उपविभागाचे अभियंते येतात, टेप लावतात, चहा घेतात. अंदाजपत्रक होतं. मग कळतं की मधले चारशे मीटर वनात आहेत. वनहक्क कायदा २००६चा. त्याच्या कलम ३(२)मध्ये शाळा, दवाखाना, रस्ता, पाणी अशा तेरा सोयींसाठी एक हेक्टरच्या आत जमीन आणि हेक्टरी ७५पेक्षा जास्त झाडं पडणार नसतील तर ग्रामसभेच्या शिफारशीवर सोपा मार्ग दिला आहे. सोपा मार्ग कळायला दोन वर्षं जातात. फाइल पुढे सरकते तेव्हा लक्षात येतं की शेवटचे शंभर मीटर अभयारण्यात आहेत, आणि अभयारण्य म्हटलं की वन्यजीव मंडळ, आधी राज्याचं, मग राष्ट्रीय. तोवर अंदाजपत्रकाचे दर जुने झालेले असतात. फाइल पुन्हा उपविभागात येते. नवे अभियंते टेप लावायला येतात. चहा जुनाच असतो.

याच सह्याद्रीच्या नशिबात दुसरे गाडगीळही होते. धनंजयरावांचे चिरंजीव माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ३१ ऑगस्ट २०११ रोजी केंद्राला दिला. त्याचा गाभा असा की घाटात काय करायचं आणि काय नाही हे ग्रामसभांना विचारून ठरवा. लोकांना विचारा असं सांगणारा हा अहवाल केंद्राने कित्येक महिने लोकांना दाखवलाच नाही. माहिती अधिकाराचा अर्ज, माहिती आयोग, दिल्ली उच्च न्यायालय असा फेरफटका झाल्यावर मे २०१२मध्ये तो प्रसिद्ध झाला. बहुतेक राज्य सरकारांना तो फार कडक वाटला, म्हणून दुसरी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते इस्रोचे माजी प्रमुख के. कस्तुरीरंगन. तिने २०१३मध्ये अहवाल दिला आणि उपग्रहाच्या प्रतिमांवरून घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. घाट दिल्लीवरून नीट दिसत नव्हता म्हणून अवकाशातून पाहिला गेला. कांदाटीच्या चढावर उभं राहून पाहायचं तेवढं राहिलं.

त्या अहवालावरून केंद्राने मार्च २०१४मध्ये अधिसूचनेचा मसुदा काढला. मसुद्यावर साठ दिवसांत हरकती मागवायच्या आणि ठरल्या मुदतीत अंतिम अधिसूचना काढायची, असा नियम आहे. ती निघाली नाही तर मसुदा व्यपगत होतो. तो झाला. मग २०१५चा मसुदा, २०१७चा, २०१८चा, २०२२चा. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ रोजी: सहा राज्यांतलं ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर आणि २,५१५ गावं. आदल्या दिवशी, ३० जुलैच्या पहाटे, केरळात वायनाडचा डोंगर गावांवर कोसळला होता आणि शेकडो माणसं गेली होती. तिथे विनोदाला जागा नाही.

दहा वर्षांत सहा मसुदे, प्रत्येकी साठ दिवस हरकतींचे. म्हणजे घाटातल्या माणसाने एका दशकातला जवळपास एक अख्खा वर्षाचा काळ हरकत घेण्यात घालवावा, अशी तरतूद आहे. राजकारणी मंडळींनी त्यातून एक धडा घेतला: प्रत्येक मसुद्यानंतर गावोगाव ‘तुमची घरं जाणार’ अशी हाकाटी पिटायची आणि मसुदा व्यपगत झाला की ‘आम्ही घरं वाचवली’ म्हणून सत्कार घ्यायचा. वाघाचं बरं आहे. त्याला यातलं काही वाचावं लागत नाही. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वर्षानुवर्षं तो दिसतच नव्हता. प्रकल्प होता, क्षेत्र संचालक होते, वाघाचा पत्ता नव्हता. डिसेंबर २०२३मध्ये एक नर कॅमेऱ्यासमोरून चालत गेला. कोणत्या निकषात बसून तो आला, हे कुणी विचारलं नाही.

आता माणसांच्या पोरांकडे वळू. जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली शाळेसाठी स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडतात आणि पुढे जंगलातून सुमारे चार किलोमीटर चालतात, अशा बातम्या आल्या आणि २०२२च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस याच मुलखातले एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. त्यांचं दरे हे गाव शिवसागराच्या काठावर, महाबळेश्वर तालुक्यात. पुढच्या सुनावणीत न्यायालयाने ध्यानात आणून दिलं ते असं की गावाला दोन हेलिपॅड आहेत, पण मुलांना शाळेत जायला धड रस्ता नाही.

हेलिकॉप्टरला दोष देण्यात अर्थ नाही. या खोऱ्यात हेलिकॉप्टर हे एकमेव वाहन असं आहे, ज्याच्या मार्गात ना वनविभागाची हद्द लागते, ना वन्यजीव मंडळ, ना जलसंपदा. ते वरून येतं आणि वरूनच जातं. अडचण एवढीच की आराखडेही त्याच वाटेने येतात.

त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे ‘नवीन महाबळेश्वर’. जुन्या महाबळेश्वरला गर्दी झाली, वाहनं मावेनात, म्हणून शेजारी नवं गिरिस्थान करायचं. २०१९मध्ये त्यासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं ते महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ. ज्या खोऱ्याला साठ वर्षं रस्ता मिळाला नाही, त्याला अख्खं रस्ते महामंडळच मिळालं. आराखड्यात सुरुवातीला सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतली २३५ गावं आली. क्षेत्र अकराशे चौरस किलोमीटरहून जास्त. पुढे आणखी २९४ गावांची भर पडून संख्या ५२९वर गेली. जुन्या महाबळेश्वरची जी दशा झाली, तिचा उपाय म्हणून तिचीच मोठी आवृत्ती काढावी, हा विचार नियोजनशास्त्राला नवा नाही. १९९६मध्येही राज्याने खासगी गिरिस्थानांसाठी खास नियमावली केली होती. तिची फळं मुळशीच्या डोंगरात उभी आहेत आणि त्यांतली बरीच घरं रिकामी आहेत.

पाण्याचीही तशीच कथा. शिवसागराचा बराच काठ शासकीय गुपिते कायदा, १९२३ याखाली निषिद्ध क्षेत्र होता. धरणाच्या सुरक्षेसाठी ते समजण्यासारखं आहे. ज्यांची घरं त्या पाण्याखाली गेली त्यांच्या दृष्टीने आपलं शेतच सरकारी गुपित झालं होतं. अलीकडे पर्यटनासाठी ही हद्द आकसली आणि मार्च २०२४मध्ये मुनावळ्याला जलपर्यटन केंद्राचं उद्घाटन झालं. जेट स्की आली. आता खोऱ्यात दोन प्रकारच्या होड्या दिसतात: एक भाड्याने मिळते आणि तासाभरात परत येते, दुसरी गावाची असते. तापोळ्याहून अहिरकडे जाणारा केबल-स्टेड पूलही हाती घेतला आहे, त्यावर पर्यटकांसाठी प्रेक्षक गॅलरीची योजना आहे. पूल झाला पाहिजे, लवकर झाला पाहिजे. गॅलरीतून खाली पाहणाऱ्यांना गावकऱ्यांनी हात हलवायला हरकत नाही.

डोंगरातल्या गावाला काहीतरी एक विषय देऊन टाकायची हौसही आपल्या राज्याला आहे. ४ मे २०१७ रोजी भिलार पुस्तकांचं गाव झालं. मे २०२२मध्ये महाबळेश्वरजवळचं मांघर मधाचं गाव. त्याआधी २०१६मध्ये मेळघाटातलं हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून जाहीर झालं. भिलारला खरंच पुस्तकं आहेत आणि घराघरात लोक ती जिव्हाळ्याने सांभाळतात. मांघरचे लोक पिढ्यान्पिढ्या मधमाश्या पाळत आले आहेत, त्यामुळे तिथे पाटी कामाच्या मागून गेली. हरिसालला पाटी पुढे गेली. २०१९च्या लोकसभेच्या प्रचारात राज ठाकरे यांनी ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत हरिसालची जाहिरात आणि प्रत्यक्ष गाव शेजारी शेजारी दाखवलं, आणि त्या जाहिरातीत लाभार्थी म्हणून झळकलेला तरुणच सभेत उभा केला. गावाच्या विकासाची तपासणी इतक्या झपाट्याने आणि इतक्या टाळ्यांत क्वचितच झाली असेल.

आराखडा येणार म्हटल्यावर गावकऱ्याच्या आधी जमिनीला कळतं. २०२४मध्ये कांदाटी खोऱ्यातलं झाडाणी एकाएकी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलं, कारण गुजरातेत नेमणुकीवर असलेल्या एका वरिष्ठ कर अधिकाऱ्याने आणि त्याच्या आप्तांनी तिथली शेकडो एकर जमीन घेतल्याचा आरोप झाला. कमाल जमीनधारणा कायद्याखाली नोटिसा निघाल्या, हरित लवादानेही लक्ष घातलं. जिथे डोली निघत नाही तिथे खरेदीखत पोहोचलं. खरेदीखताला रस्ता लागत नाही, दुय्यम निबंधक कार्यालय पुरतं.

तेव्हा मुंबई, ठाणे, घणसोली, कोपरखैरणे इथे राहणाऱ्या आणि जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांत सातबारा असलेल्या मंडळींना एक विनंती. संवेदनशील क्षेत्राची यादी आणि नवीन महाबळेश्वरची यादी, दोन्हींत आपलं गाव आहे का ते एकदा बघा. सातबारा काढा आणि त्यावर अजून आजोबांचं नाव असेल तर वारसनोंद करून घ्या. गणपतीला गावी जाल तेव्हा आरतीनंतर तासभर ग्रामसभा बसवा, आराखड्यात रस्ता, दवाखाना, शाळेची होडी कुठे आहे ते विचारा आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. हरकत तोंडी सांगू नका, लेखी द्या. अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर आवक क्रमांकासह शिक्का मारून घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.